आधी हात बघ

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

परवा तू वर्कशॉपमधून गेलीस तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. स्पर्धेतल्या परीक्षकांनी तुझा आंबे उतरवायचा झेला बघून "यात नवीन काय?" असं विचारलं आणि तू त्याला मोटर, बॅटरी, कॅमेरा लावायला निघालीस. वर मलाच विचारलंस, "काका, कॅमेरा कुठल्या बाजूला बसवू?" तेव्हा गप्प बसलो, कारण तोंडातून वेडंवाकडं निघालं असतं. आता लिहितो.

हात बघ. ज्याच्या हातात वस्तू जाणार, त्याचे हात आधी बघ. मग कागद घे.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला तू लहानपणापासून बघतेस. काठी, कडं, जाळी आणि पातं, बस. पण आंबा देठासकट खाली येतो. देठ मुळातून तुटला की चीक फळावर ओघळतो, सालीवर डाग पडतो आणि पेटीचा भाव उतरतो. त्याच विद्यापीठाचा वैभव विळा घे. हलका, दातेरी, सारखी धार काढायला नको. भात कापता कापता उठून दगडावर विळा घासणारी बाई ज्याने बघितली, त्यालाच दात्यांचं महत्त्व कळेल. परीक्षकांना ती बाई दिसली नसेल. तुला दिसायला हवी!

मला दिसली नव्हती, म्हणून सांगतोय. तरुणपणी मी अॅल्युमिनियमच्या काठीचे साठ झेले केले. एकात एक सरकणारी नळी, चकचकीत पॉलिश. टेबलावर ठेवून तासन् तास बघत बसायचो. एप्रिलमध्ये एका बागेत नेले. नेपाळहून आलेल्या गड्याने काठी हातात घेतली, आणि थोड्याच वेळात कमरेचा पंचा सोडून तळव्यांना गुंडाळला. ऊन पिऊन नळी तापली होती. बागायतदाराने वर बोट दाखवलं. कलमांवरून विजेची तार गेली होती. बागेतली माणसं बांबूच्या काठीला का धरून आहेत हे मी एकदाही विचारलं नव्हतं. साठच्या साठ भंगारात गेले. बायकोच्या पाटल्या सोडवायला चार वर्षं लागली. पैशाचं दुःख ओसरलं, पण तो पंचा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तू म्हणालीस, लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरही लोकांनी आधी नाकारलाच की! खरं आहे. १९०३ च्या सुमाराची गोष्ट. लोखंडाने जमीन नासते असं शेतकरी म्हणत, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पण नीट बघ ना. नांगर लोखंडाचा झाला तरी ओढणारे बैल तेच होते, रुमण्यावरचा हातही तोच होता. शेतकऱ्याला नवीन काही शिकावं लागलं नाही. तुझ्या झेल्यासाठी गड्याने रोज बॅटरी चार्ज करायची, मान वर करायची सोडून मोबाइलच्या पडद्यात बघायचं. देठ पात्यात अडकला की काठीला जो हिसका बसतो त्यावरून त्याच्या बोटांना सगळं कळतं, बाळ. त्याला कॅमेरा कशाला?

आणि तुझ्याकडे अस्सल गोष्ट होती! कमरेला बांधायचा तो चामडी खोबा. मिरवणुकीत झेंडा धरणाऱ्याच्या कमरेला असतो तसा. काठीचा बुडखा त्यात टेकला की भार मनगटावरून कमरेवर जातो. तो तुला कॉलेजात सुचला नाही. मामाच्या बागेत चार दिवस गड्यामागे हिंडलीस, संध्याकाळी तो मनगट चोळत बसलेला पाहिलास, तेव्हा सुचला. तू हात बघितले होतेस. आणि एका प्रश्नासरशी ते सोडून निघालीस? याचा मला राग आहे.

माझा मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही असेच चिकटून बसलात म्हणून वर्कशॉप चार माणसांचंच राहिलं. राहिलं असेल. पण त्या साठनंतर माझ्याकडून गेलेलं एकही पातं परत आलेलं नाही. दर हंगामाआधी मी बागांतून फिरतो, मुठी कुठे झिजल्यात ते बघतो. त्याला कोणी धंदा न कळणं म्हणो, मी सोडणार नाही.

खोब्याचं चामडं घामाने ताठ होतं, त्यावर काय करायचं ते अजून सुटलेलं नाही. जुन्या टायरची ट्यूब लावून बघू. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे राहायला ये. तोड सकाळी लवकर सुरू होते. लॅपटॉप नको, टोपी आण. काकू विचारतेय, फणसाची भाजी खातेस ना?

तुझा,
काका