तीन आणि सहा वर्षांची मुलं, तंबूतली पहिली रात्र: घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या आत राहा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मुलं तीन आणि सहा वर्षांची, घर बेळगावच्या वडगावात, डिसेंबरातल्या एका शनिवार-रविवारी तंबू घेऊन जायचंय, मिस्टर म्हणतात जायचंच तर खानापूर तालुक्यात कणकुंबीकडं जंगलात जाऊ आणि तुम्हाला भीती वाटतेय. माझं मत सरळ सांगते, पहिल्या खेपेला जंगल नको. लांबही नको. मध्यरात्री सगळं आवरून घरी यायचं म्हटलं तर अर्ध्या-पाऊण तासात येता येईल एवढ्याच अंतरावर जा.

हे मी अनुभवाने सांगतेय. आमचा धाकटा अडीच वर्षांचा असताना आम्ही एका तलावाच्या काठावर तंबू ठोकला होता, जागा दिसायला फार सुंदर, पण पाण्याजवळ दव किती पडतं त्याचा अंदाजच नव्हता. रात्री एकला बाळ कुडकुडायला लागला म्हणून हात लावून बघितलं तर कापडाला आतून पाण्याचे थेंब आणि त्याची वाकळ कडेला भिजलेली. तसाच शालीत गुंडाळला, गाडीत घातला, पस्तीस मिनिटांत घरी. गाडीतच झोपला पोरगा. पुढच्या महिन्यात परत गेलो तर तंबूत पहिला तोच शिरला. तेच आम्ही लांब चोर्ला घाटाच्या वळणावर असतो तर त्या रात्रीची भीती त्याच्याही मनात राहिली असती आणि माझ्याही.

आता जागा. आपल्याकडं सगळ्यात चांगली जागा म्हणजे ओळखीच्या माणसाचं शिवार, पश्चिमेकडं उचगाव, बेक्किनकेरी, कुद्रेमानी, तुरमुरी या बाजूला कुणाचं ना कुणाचं पाहुण्याचं शेत असतंच की. डिसेंबरात भाताची मळणी झालेली असते, पण रिकामं शेत दिसलं म्हणून तंबू ठोकू नका, त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरलेला असतो. मालकाला विचारून खळ्याची जागा मागा. खळं सपाट असतं, शेणाने सारवलेलं असतं, दगड-धोंडा नसतो, मुलं अनवाणी पळाली तरी चालतं. वर शेतघर असेल तर बाथरूमचाही प्रश्न मिटला.

खानापूरच्या पश्चिमेला भीमगड अभयारण्य आहे, २०११ साली जाहीर झालेलं, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही. त्या पट्ट्यात अस्वलं आहेत, आणि महाराष्ट्रातल्या चंदगडच्या बाजूला गवे आणि हत्ती शेतात उतरतात. म्हणून जिथं जाल तिथं गावात एकदा विचारा, सध्या काही उतरतंय का. गावकऱ्यांना पक्कं माहीत असतं, ते नको म्हणाले तर नको. राकसकोप धरणाच्या काठावर राहूया असंही कुणीतरी सुचवेल, पण ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिथं नको. वैजनाथचं देऊळ आणि महिपाळगड किल्ला दिवसा दाखवून आणा, मुलांना आवडेल, मुक्काम मात्र शेतातच.

दुपारी साडेतीनपर्यंत पोचा. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि साडेसहाला चांगला अंधार होतो, अंधारात तंबू ठोकायचा आणि तीन वर्षांचं मूल पण सांभाळायचं, हे जमत नाही. चौघांसाठी चार माणसांचा तंबू, दोघांच्यात दाटी करू नका. थंडीत आपल्याकडं रात्री वारा बहुतेक पूर्वेकडून येतो तेव्हा दार पश्चिमेला ठेवा. झाडाखाली नको. खाली ताडपत्री घाला पण तिची कड तंबूच्या बाहेर येता कामा नये, आत दुमडा, नाहीतर तिच्यावर पडलेलं दव ओघळून तुमच्या अंथरुणाखाली जातं.

थंडीचं म्हणाल तर आपल्याकडं त्या दिवसांत रात्री पारा १२-१४ अंशांवर येतो, उघड्या शिवारात त्याहून गार वाटतं. आणि थंडी वरून कमी, खालून जास्त लागते. बहुतेक जण पांघरुणं भरपूर नेतात आणि खाली एक चटई टाकतात. उलटं करा. खाली दोन चटया, त्यावर घोंगडी, त्यावर वाकळ, मग मुलं. कानटोपी, पायमोजे आणि झोपायचे कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत, ते झोपायच्या आधी घालायचे, संध्याकाळी खेळताना घातलेले घामाने ओलसर झालेले असतात. तंबूची वरची जाळी थोडी उघडी ठेवा, चार जणांचा श्वास कोंडला की आतून पाणी सुटतं, आमचं तेच झालं होतं. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, कितीही थंडी वाजू दे, निखाऱ्याची शेगडी तंबूत घ्यायची नाही. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

साप हा तुमचा खरा प्रश्न आहे हे कळतंय. आपल्या शिवारात नाग, घोणस, फुरसं, मण्यार चारही आहेत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते, बऱ्याचदा चावलेलं कळतसुद्धा नाही, खूण दिसत नाही. म्हणून तंबूची चेन कायम बंद, शू करायला उठलं तरी बाहेर पडून लगेच ओढायची. बूट-चपला आत घ्या आणि सकाळी झटकून घाला. खाऊचे तुकडे सांडू देऊ नका, उंदीर येतात आणि उंदरामागे साप. पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या गंजीपासून लांब राहा, मुलांना तिच्यावर उड्या मारायचा मोह होतो. सकाळी उठल्यावर एखाद्या मुलाच्या पोटात दुखतंय आणि पापण्या जड पडताहेत असं दिसलं तर वाट बघत बसू नका, थेट सिव्हिल हॉस्पिटलला. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर कर्नाटकातही चालतो आणि चंदगडच्या हद्दीतही.

दुसरी गोष्ट गोचीड. शेजारच्या दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात माकडताप येऊन गेलाय, तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे. शेतात धोका कमी, पण रानाच्या कडेला वाळल्या पाल्यात मुलांना बसवू नका, लांब पायजमा घाला आणि रविवारी घरी आल्यावर अंघोळ घालताना कानामागे, काखेत, कमरेला नीट बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने सरळ ओढून काढायची. आठ-दहा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात जाऊन आलोय हे आवर्जून सांगा.

जेवण फार मांडू नका. भाकरी-चटणी, शेंगदाण्याची पोळी घरूनच न्या, मुलांना चिरमुरे, तिथं फक्त गरम भात आणि आमटी. पण रताळी विसरू नका, आपल्या पश्चिम भागातली रताळी, शेतमालकाकडंच मिळतील. शेकोटीच्या लाकडांचे निखारे झाले की राखेत पुरायची, अर्धा-पाऊण तास. साल काळी होते, चिरते आणि चिरेतून चिकट गोड रस बाहेर येऊन त्याचा तपकिरी थेंब गोठतो, आमची मोठी आधी तो थेंब नखाने काढून खाते आणि मग रताळं फोडते. रताळं भाजायला लागणारा वेळ म्हणजेच मुलांच्या गोष्टीचा वेळ. आठच्या सुमारास पूर्वेला मृग वर आलेला असतो, त्याच्या वर कृत्तिकांचा पुंजका, सहा वर्षांच्या मुलाला त्यातले तारे मोजायला लावा, आमच्याकडं एकीला सहा दिसले, एकाला सात आणि त्यावरून भांडण. पहिल्या खेपेला मात्र चांदणं असेल असा शनिवार निवडा, अष्टमी ते पौर्णिमेच्या मधला. तीन वर्षांच्या बाळाला तंबूबाहेर आई दिसली पाहिजे.

धाकट्याला रोजच्या वेळेलाच झोपवा, रोजची उशी, रोजचं पांघरूण, तेच अंगाईगीत. जायच्या आधी एक रात्र गच्चीवर तंबू लावून तिथंच झोपा, काय राहिलं ते तिथं कळतं, आमचं तर चेन अडकते हे गच्चीवर कळलं आणि मेण लावून घेतलं.

मिस्टरांना सांगा कणकुंबी कुठं जात नाही, धाकटं सहा वर्षांचं झालं की मलप्रभेचा उगम आणि माउलीचं देऊळ दाखवायला जावा. रविवारी दहापर्यंत आवरा, शेतमालकाच्या घरी निरोप घ्यायला थांबा, पोरांच्या हातून काहीतरी गोड द्या. तंबू ओलाच गुंडाळावा लागेल, दव असतंच, पण घरी आल्या आल्या जेवायच्या आधी गच्चीवर पसरा, दोन दिवस तसाच राहिला तर बुरशी धरते आणि तो वास पुढच्या वर्षीही जात नाही.