भूकंपाचा आकडा कसा वाचावा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (नौपाडा, ठाणे): किल्लारीचा भूकंप 6.2 महत्तेचा (मॅग्निट्यूडचा) आणि भूजचा 7.7 महत्तेचा होता. म्हणजे भूजचा भूकंप सव्वापटच मोठा होता का?

उत्तर: नाही. हे आकडे लॉगॅरिदमवर बेतलेले असल्यामुळे त्यांचा थेट भागाकार करता येत नाही. चार्ल्स रिश्टर यांनी 1935 मध्ये ठरवलेल्या मापानुसार, भूकंपकेंद्रापासून 100 किलोमीटरवरील ठरावीक बनावटीच्या भूकंपमापकावर एक मायक्रोमीटर उंचीची नोंद झाली तर महत्ता शून्य, एक मिलिमीटर, म्हणजे हजार मायक्रोमीटर, झाली तर 3 आणि एक सेंटिमीटर झाली तर 4. आकडा एकाने वाढला की नोंदीची उंची दसपट होते, ऊर्जा मात्र सुमारे 32 पट. दोनाने वाढला की ऊर्जा हजारपट होते. या हिशेबाने 1993 च्या किल्लारीच्या तुलनेत 2001 मध्ये भूजला सुमारे 180 पट ऊर्जा मोकळी झाली. तरीही किल्लारी परिसरात हजारो माणसे दगावली, कारण भूकंप उथळ होता आणि दगडमातीच्या जाड भिंती पहाटे झोपेतल्या माणसांवर कोसळल्या.

प्रश्न (वाशी): 2018 पासून डहाणू-तलासरी भागात लहान धक्के बसत आहेत. त्यामुळे जमिनीतला ताण निघून जाऊन मोठा भूकंप टळतो, हे खरे का?

उत्तर: हा समज दिलासा देणारा असला तरी हिशेबात बसत नाही. 6 महत्तेच्या एका भूकंपाइतकी ऊर्जा बाहेर पडायला 4 महत्तेचे हजार आणि 3 महत्तेचे सुमारे 32 हजार धक्के लागतील. घरे मजबूत करण्याचे काम या समजापायी लांबणीवर टाकणे मला धोक्याचे वाटते.

प्रश्न (ऐरोली): या मापाची कमाल मर्यादा 10 आहे का?

उत्तर: मापाला अशी मर्यादा नाही. आजवर नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप 1960 चा, चिलीमधला, 9.5 महत्तेचा. मात्र रिश्टर यांची मूळ पद्धत मोठ्या भूकंपांना कमी आकडा देते, म्हणून आता त्यांच्यासाठी हँक्स आणि कानामोरी यांचे 1979 चे माप वापरतात. त्यात भ्रंशाचे, म्हणजे खडकांतल्या ज्या भेगेवर हालचाल होते तिचे, सरकलेले क्षेत्रफळ, सरकण्याचे अंतर आणि खडकाची दृढता यांचा गुणाकार पायाभूत असतो.

प्रश्न (घणसोली): आमची इमारत ‘7 रिश्टर सहन करेल’ असे बिल्डर सांगतात. विश्वास ठेवावा का?

उत्तर: केवळ या वाक्यावर ठेवू नये. महत्ता भूकंपाची असते, तर इमारतीला सोसावे लागते ते तिच्या पायाखालच्या जमिनीचे हादरणे. ते केंद्रापासूनच्या अंतरावर आणि मातीवर अवलंबून असते. खाडीकाठच्या मऊ गाळात ते वाढू शकते. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस 1893 या भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीत ठाणे परिसर तिसऱ्या भूकंप-विभागात असून त्याचा विभाग-गुणांक, म्हणजे हादऱ्याची तीव्रता धरण्यासाठीचा आकडा, 0.16 आहे. आरसीसी सल्लागाराने कोणता गुणांक आणि मातीचा कोणता प्रकार धरला, हे सोसायटीने लेखी मागून घ्यावे.