शिलेदार कोण, बारगीर कोण

आर्णीकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. गावच्या फाट्यावर बॅनर लागलं, 'साहेबांचे कट्टर शिलेदार', खाली वीस-पंचवीस फोटो. पोरानं शिलेदारचा अर्थ विचारला, तर कुणी सांगितलं, 'शिळेसारखा अढळ राहतो तो शिलेदार.' हे खरं का?

साफ खोटं. शिळेला दार गुहेतच बसतं, बाप्पा. एक व्याख्याते हाच शब्द 'शील'पासून काढतात आणि टाळ्या घेतात. त्यांनी ते बॅनर एकदा जवळून पाहावं.

शूर, निष्ठावंत हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. अरबीत 'सिलाह' म्हणजे हत्यार. त्याला फारसी 'दार' लागला, जमीनदार-दुकानदारातला. सिलाहदार म्हणजे हत्यार बाळगणारा. आपल्या तोंडात घोळून त्याचा शिलेदार झाला आणि हत्यारं ठेवायच्या सिलाहखान्याचा शिलेखाना. पण मराठी फौजेत या शब्दाला नेमका अर्थ होता: स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा स्वार. ज्याला घोडा नि हत्यार सरकारातून मिळे, तो बारगीर. शिवाजी महाराजांच्या पागेत, म्हणजे सरकारी घोड्यांच्या दळात, असे 25 बारगीर एका हवालदाराच्या हाताखाली असत, आणि महाराजांचा भर शिलेदारांपेक्षा पागेवर होता. उघड आहे. ज्याचा घोडा त्याचा लगाम. पटलं नाही की शिलेदार घोड्यासकट दुसऱ्याच्या छावणीत.

आता बॅनरवरचे फोटो पाहा. गाडी साहेबांची, डिझेल साहेबांचं, बॅनरचा खर्चही साहेबांचाच. हे सगळे बारगीर! शब्दाला खरा जागतो तो निवडणुकीच्या तोंडावर आपली माणसं, आपल्या गाड्या घेऊन पक्ष बदलणारा. त्याला मात्र आपण गद्दार म्हणतो.

बारगीर शब्दावर माझा विशेष जीव आहे. 'बंदुकीचा बार उडवतो तो बारगीर' असं छातीठोक सांगणारे भेटतात. इथला 'बार' फारसीतला, त्याचा अर्थ ओझं. बारगीर म्हणजे ओझं उचलणारा, म्हणजे मुळात घोडा! घोड्याचं नाव पुढे वरच्या स्वाराला चिकटलं. हाच बार आपल्या बारदान्यात, म्हणजे माल भरायच्या पोत्यांत आहे. तुरीच्या खरेदी केंद्रावर तीन-तीन दिवस ट्रॅक्टर लावून बसल्यावर 'बारदाना संपला' ऐकलेल्या वऱ्हाडी माणसाला हे ओझं मी काय समजावू?

इंग्रजांनी शिलेदार शब्द उचलून 'सिल्लादार' केला. त्यांच्या हिंदी घोडदळात अशा स्वारानं घोडा आणायचा, कपडे-खोगीर स्वतःचं करायचं. बंदूक मात्र सरकार देणार! नाव हत्यारवाल्याचं आणि मुख्य हत्यारच दुसऱ्याचं. पहिल्या महायुद्धानंतर ती पद्धत बंद झाली. त्याआधीच, 1878 च्या शस्त्र कायद्यानं, हिंदी माणसाला घरात बंदूक ठेवायला परवाना सक्तीचा केला होता आणि गोऱ्यांना त्यातून सूट होती. म्हणूनच 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसनं नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला. 1948 मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी तोच हक्क मूलभूत हक्कांत घालायची दुरुस्ती मांडली, ती आंबेडकरांना मान्य झाली नाही. कामत निवडून आले होते मध्य प्रांत-वऱ्हाडातून, म्हणजे आपल्याच प्रांतातून. अमेरिकेत 1791 पासून हा हक्क घटनेतच आहे, आणि तिकडे घरात बंदूक आहे एवढं कळलं तरी लोक माणसाच्या मताचा अंदाज बांधतात. आपल्याकडे तो अंदाज गळ्यातल्या दुपट्ट्यावरून.

पोराला अर्थ दाखवायचाच असेल तर आमच्या गावी आणा. आमच्या एका काकांकडे परवान्याची ठासणीची बंदूक आहे, पीकराखणीची. 1959 च्या कायद्यात अशा बंदुकीची सोय वेगळी केली आहे. रानडुकरं, रोही तुरीत शिरले की काका नुसती दारू ठासून धुऱ्यावरून एक बार काढतात, आणि नळी चिंधीनं पुसून बंदूक परत आढ्याला लावतात. अख्ख्या गावात सिलाहदार म्हणावा असा हा एकच माणूस. बॅनरवर तो नाही. आणि या अर्थानं निवडणुकीच्या दिवसांत तोही शिलेदार राहत नाही. आचारसंहिता लागली की ठाण्यातून निरोप येतो. काका बंदूक पोत्यात गुंडाळून एसटीनं नेतात, जमा करतात आणि पावती घेऊन येतात. पोतं तेवढं परत आणतात. ते बारदान्यातलंच.