वाचकांचे प्रश्न : स्थिर रेषा हलताना का दिसतात?

प्रश्न : भौमितिक अमूर्त मुद्राचित्रांच्या प्रदर्शनात केवळ काळ्या-पांढऱ्या समांतर रेषांचे एक स्क्रीनप्रिंट (ताणलेल्या जाळीतून शाई उतरवून छापलेले चित्र) पाहिले. काही क्षणांतच रेषा लहरू लागल्या. ही छपाईतील करामत आहे की दृष्टिभ्रम? आणि इतके साधे चित्र रंगवण्याऐवजी छापायचे कशासाठी?

उत्तर : हालचाल घडते ती आपल्या दृष्टीत, छपाई तिच्यासाठी अनुकूल पृष्ठभाग तयार करते. एका बिंदूवर नजर रोखली तरी डोळा पूर्णपणे स्थिर नसतो, त्याच्या सूक्ष्म हालचाली चालूच असतात. एरवी त्या आपल्याला जाणवत नाहीत; परंतु दाट आणि तीव्र विरोधाच्या रेषांसमोर दृष्टिपटलावरची प्रतिमा किंचित सरकली, तरी काळ्याच्या जागी पांढरे येते आणि आधीच्या प्रतिमेचा विरता ठसा नव्या प्रतिमेत मिसळून लहर भासते, असे याचे एक प्रमुख स्पष्टीकरण आहे.

कुंचल्याच्या रेषेत रंगाचा थर कमीजास्त होतो, कड थरथरते आणि नजरेला तेथे अडकायला जागा मिळते. स्क्रीनच्या जाळीतून उतरलेला शाईचा थर सपाट व एकसारखा असल्याने तशी जागा उरत नाही. दृष्टिभ्रमाची चित्रे करणाऱ्या ब्रिटिश चित्रकार ब्रिजेट रायली यांनी 1965 मध्ये ‘फ्रॅगमेंट्स’ ही सात स्क्रीनप्रिंटांची मालिका कागदावर न छापता प्लेक्सिग्लास या पारदर्शक प्लॅस्टिकवर छापली. कागदाचा पोतसुद्धा तेथे आड येत नाही. अर्थात, त्यांची रंगवलेली चित्रेही तितकीच लहरतात, पण त्यामागे सहायकांच्या हाताची असाधारण शिस्त असते.

रंगीत चित्रांत काम अधिक अवघड होते. जवळजवळ सारख्याच उजळपणाचे लाल आणि हिरवे रंग शेजारी आले की त्यांची सीमारेषा अस्थिर वाटते; मात्र दोन रंगांच्या छपाईतील रजिस्ट्रेशन, म्हणजे एका रंगाशेजारी दुसरा नेमक्या जागी बसवणे, अर्धा मिलिमीटर जरी चुकले, तरी मध्ये कागदाची पांढरी फट किंवा दोन शायांच्या मिश्रणाची गडद रेघ येते आणि परिणाम नाहीसा होतो. चित्रकार व कलाशिक्षक जोसेफ आल्बर्स यांनी रंगांच्या परस्परपरिणामावरील आपल्या 1963 च्या ग्रंथासाठी स्क्रीनप्रिंटचा आधार घेतला, तो मला म्हणूनच योग्य वाटतो: एकच रंग दोन पार्श्वभूमींवर वेगळा दिसतो हे दाखवायचे, तर दोन्हीकडचा रंग खरोखर एकच आहे याची खात्री आधी हवी.

प्रश्न : त्याच चित्राच्या मोबाइलवरील छायाचित्रात मूळ चित्रात नसलेले रुंद पट्टे दिसले. ते कोठून आले?

उत्तर : हा मात्र डोळ्यांचा खेळ नाही. कॅमेऱ्याच्या संवेदकावरील बिंदूंची नियमित जाळी आणि चित्रातील रेषा एकमेकींशी नेमक्या जुळल्या नाहीत, की मोआरे नावाचे पट्टे तयार होतात. दोन मिलिमीटर अंतराच्या रेषांचे दोन सारखे संच पाच अंशांनी तिरपे करून एकमेकांवर छापले, तर सुमारे 23 मिलिमीटर अंतराचे पट्टे मिळतात. व्यावसायिक चाररंगी छपाईत हा दोष टाळण्यासाठी प्रत्येक रंगाच्या ठिपक्यांच्या जाळ्यांचे कोन वेगवेगळे ठेवतात. काही मुद्राचित्रकार मात्र तो मुद्दाम घडवून आणतात.