जिंकला डनलॅप, वहीत शून्य

प्रश्न : ताई, आम्ही अकरा मित्र पीजीए टूरवर (अमेरिकेतली व्यावसायिक गोल्फ मालिका) मोसमभराची फँटसी स्पर्धा लावतो. दर आठवड्याला प्रत्येकाने एक गोल्फर निवडायचा. एकदा घेतलेला पुन्हा घ्यायचा नाही. त्या खेळाडूला जेवढे डॉलर मिळतील तेवढे आपले गुण. गेल्या वर्षी जून उजाडेपर्यंत निम्म्या जणांनी निवडी पाठवणं सोडून दिलं. नियम सोपे होते, भांडणही झालं नाही. मग चुकलं कुठे?
— हिशेब ठेवणारा वाचक

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि माझी २०२४ची वही काढून बसले. आमचा गट चौदा जणांचा, प्रकार अगदी तुमचाच. त्या जानेवारीत ‘द अमेरिकन एक्स्प्रेस’च्या आठवड्यात आमच्यातल्या एकीने निक डनलॅपचं नाव पाठवलं. डनलॅप तेव्हा वीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा हौशी खेळाडू. आदल्या वर्षी त्याने यूएस अमॅच्युअर जिंकली होती, तेवढ्यावर तिने त्याला घेतलं. आम्ही बाकीच्यांनी नेहमीची मोठी नावं दिली होती. शनिवारी त्याने ६० फटक्यांची फेरी केली आणि रविवारी एका फटक्याने स्पर्धा जिंकली. १९९१मध्ये फिल मिकलसनने हौशी असताना टूरवरची स्पर्धा जिंकली होती. त्यानंतर हे पहिल्यांदाच घडत होतं.

पण हौशी खेळाडूला बक्षिसाची रक्कम घेता येत नाही. पहिल्या क्रमांकाचे १५ लाख १२ हजार डॉलर दुसऱ्या आलेल्या ख्रिस्तियान बेझुइडनहाउटला गेले. आमच्या नियमात लिहिलं होतं, ‘मिळालेले डॉलर हेच गुण’. मी नियमाला धरून राहिले आणि तिच्या नावापुढे शून्य लिहिलं. वर्षातली सगळ्यात धाडसी निवड आणि पुढे शून्य! ती एका शब्दाने बोलली नाही. फेब्रुवारीत तिच्या निवडी येणं थांबलं. ते शून्य मला अजून डाचतं.

म्हणून ‘भांडण झालं नाही’ हे तुमचं वाक्य वाचून मला हायसं वाटलं नाही. ज्याला अजून जिंकायची आशा असते तो भांडतो. तुमच्या मित्रांची आशा जूनच्या आधीच संपली होती, आणि ती संपवली डॉलरच्या हिशेबाने. टूरवरच्या साध्या स्पर्धेत विजेत्याला एकूण रकमेच्या १८ टक्के मिळतात, दुसऱ्याला १०.९ टक्के, चौथ्याला जेमतेम ४.९. त्यात स्पर्धास्पर्धांमधला फरक धरा. २०२४च्या प्लेअर्स चँपियनशिपची एकूण रक्कम अडीच कोटी डॉलर, विजेत्याला ४५ लाख. म्हणजे मार्चमधल्या त्या एका आठवड्यात ज्याची निवड बरोबर आली, त्याला डनलॅपच्या स्पर्धेसारख्या जवळजवळ तीन स्पर्धा जिंकल्याइतकी आघाडी मिळाली. बाकीच्यांनी मग त्याच्या मागे किती आठवडे धावायचं?

माझं स्पष्ट मत आहे : डॉलर सोडा, खेळाडू कितवा आला ते बघा. टूरची स्वतःची फेडेक्स कपची, म्हणजे मोसमभराच्या गुणांची, उतरंड चांगली आहे. साध्या स्पर्धेत पहिल्याला ५००, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला १९०, चौथ्याला १३५, पाचव्याला ११०. ‘सिग्नेचर’ (मोजक्या खेळाडूंच्या, मोठ्या बक्षिसाच्या) स्पर्धेच्या विजेत्याला ७००. प्लेअर्स आणि चारही मेजर (मास्टर्स, पीजीए चँपियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटनमधली ओपन) यांच्या विजेत्याला ७५०. मोठ्या आठवड्याचं वजन राहतं, पण ते दीडपट, तिप्पट नाही.

फक्त टूरच्या यादीतला आकडा जसाच्या तसा उचलू नका. ब्रायसन डीशॅम्बोने २०२४ची यूएस ओपन जिंकली, पण तो लिव्ह या प्रतिस्पर्धी मालिकेकडे गेलेला, टूरचा सभासद नव्हता. फेडेक्सच्या यादीत त्याला गुण नाहीत. तुमच्यातल्या कुणी त्या आठवड्यात त्याला घेतलं असतं तर पुन्हा तेच शून्य. तक्ता टूरचा घ्या, पण गुण आपल्या हाताने भरा. खेळाडू हौशी असो, सभासद असो वा नसो, पहिला आला की पहिल्याचे गुण. बरोबरी असेल तर त्या जागांचे गुण एकत्र करून सारखे वाटा.

दुसरं, मोसमाचे तीन तुकडे पाडा. जानेवारीपासून मास्टर्सच्या आदल्या आठवड्यापर्यंत पहिला, मास्टर्सपासून यूएस ओपनपर्यंत दुसरा, तिथून ऑगस्टमधल्या विंडम चँपियनशिपपर्यंत तिसरा. प्रत्येक टप्प्याचा विजेता वेगळा जाहीर करायचा आणि एकूण बेरीजही चालू ठेवायची. शिवाय प्रत्येकाचे सगळ्यात वाईट चार आठवडे शेवटी वगळायचे. विंडमनंतर थांबाच. पुढच्या प्लेऑफमध्ये मैदानात आधी ७०, मग ५० आणि शेवटी ३० खेळाडू उरतात. एव्हाना चांगली नावं वापरून झालेल्यांना निवडायला कुणी राहत नाही.

आमची मैत्रीण नियम बदलल्यावर परत आली. २०२५मध्ये मधल्या टप्प्यात ती दुसरी होती.

प्रश्न : निवड कधीपर्यंत घ्यावी यावरून आमच्यात दर आठवड्याला ओढाताण होते. कुणी विसरतं, कुणाचा खेळाडू ऐन वेळी माघार घेतो, आणि वही माझ्याकडे असल्यामुळे मी सगळ्यांच्या निवडी बघून माझी ठरवतो असा संशय आहे.
— संशयात सापडलेला संयोजक

उत्तर : संशय येणारच, तो तुमच्यावर नाही, तुमच्या जागेवर आहे. मी माझी निवड बुधवारी, इतर कुणाची यायच्या आधी, गटातल्या एकाकडे पाठवून ठेवते. दर मोसमात तो माणूस बदलतो. इतकं केलं की पुरे.

मुदत म्हणून ‘गुरुवार संध्याकाळ’ असं काही ठेवू नका. पहिल्या गटाचा पहिला फटका, हीच मुदत. ओपन ब्रिटनमध्ये असते. तिथे पहाटे साडेसहाच्या सुमारास खेळ सुरू होतो, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचा दीड वाजलेला असतो. अमेरिकी वेळेची सवय झालेली माणसं दरवर्षी त्या एका आठवड्यात चुकतात. सोमवारीच आठवण द्या.

विसरणाऱ्यांसाठी आमच्याकडे राखीव यादी असते. जानेवारीत प्रत्येकाने पाच नावं लिहून द्यायची. निवड आली नाही किंवा खेळाडूने पहिल्या फटक्याआधी माघार घेतली, तर त्या यादीतला खेळत असलेला पहिला न वापरलेला माणूस आपोआप लागतो आणि तो वापरला असं धरलं जातं. खेळ सुरू झाल्यावर पाठ धरली, मनगट दुखलं, तर मात्र शून्य. इथे मी हळवी होत नाही, कारण ती जोखीम सगळ्यांना सारखी आहे.

हवामानाचंही आधीच लिहून ठेवा. २०२४ला पेबल बीचवर वादळामुळे रविवारचा खेळ झालाच नाही. शनिवारी ६० मारून पुढे असलेला विंडहॅम क्लार्क ५४ होलवर, म्हणजे तीन फेऱ्यांवरच, विजेता ठरला. टूरने अधिकृत म्हटलं की आपलंही अधिकृत. न्यू ऑर्लिन्सची झुरिक क्लासिक जोड्यांची असते; तो आठवडा आम्ही सरळ सुट्टी देतो.

प्रश्न : स्कॉटी शेफलर एकदाच वापरायचा तर कधी? मी दोन वर्षं मास्टर्ससाठी राखला. पहिल्यांदा जमलं, दुसऱ्यांदा नाही.

उत्तर : मास्टर्स त्याने २०२२ आणि २०२४मध्ये जिंकली, म्हणून सगळे तिथेच राखतात. २०२५ला ती रोरी मॅकिलरॉयने जिंकली. पण शेफलरचं २०२४ नीट बघा : आर्नल्ड पामर, प्लेअर्स, मास्टर्स, हेरिटेज, मेमोरियल, ट्रॅव्हलर्स, टूर चँपियनशिप. तो एका मैदानाचा खेळाडू नाही. सिग्नेचर स्पर्धांत मैदानात साधारण ७०-८० जणच असतात, तिथे त्याची शक्यता आणखी वाढते.

खरा प्रश्न तुम्ही आपल्या यादीत कुठे आहात हा आहे. पुढे असाल तर जो आठवडा बहुतेक जण शेफलरसाठी राखतील तोच तुम्हीही घ्या; तो जिंकला तरी तुमची आघाडी हलणार नाही. मागे असाल तर त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाला घ्या आणि शेफलरला कुणाच्या मनात नसताना काढा. मेजरमध्ये मी डीशॅम्बो, जॉन रॅम अशांकडे आधी वळते. लिव्हमध्ये असेपर्यंत ते आपल्या यादीत जवळजवळ मेजरपुरतेच येतात. त्यांना राखून करायचं काय?

प्रश्न : गुणांपेक्षा सरळ फटके मोजले तर? ज्याच्या खेळाडूंचे फटके सगळ्यात कमी, तो जिंकला.

उत्तर : कल्पना जुनी आणि मानाची आहे. ओकलंडचे बिल विंकेनबाख १९५०च्या दशकात असाच खेळ खेळवत : प्रत्येकाने गोल्फरांचा संघ निवडायचा, कमी फटके तो विजेता. अमेरिकन फुटबॉलवरच्या फँटसी खेळाचा उगमही त्यांच्याच गटात, १९६२ला झाला. अडचण एकच. कट (दोन फेऱ्यांनंतरची गाळणी) हुकलेला खेळाडू दोनच फेऱ्या खेळतो, म्हणून त्याचे फटके कमी भरतात. न खेळलेल्या प्रत्येक फेरीला ८० फटके धरा. एखाद्या मेजरच्या आठवड्यापुरता हा प्रकार फार रंगतो. मोसमभर मात्र बेरजा करून हात दुखतील.

प्रश्न : माझी बहीण गोल्फ बघत नाही, पण तिला आमच्यात खेळायचं आहे. तिला आधी काय सांगू?

उत्तर : कट. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर साध्या स्पर्धेत पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे जातात. मास्टर्समध्ये ५०, यूएस ओपनमध्ये ६०, ओपन आणि पीजीए चँपियनशिपमध्ये ७०. काही सिग्नेचर स्पर्धांत कट नसतोच, तिथे पहिल्या निवडीची भीती कमी. तिची सुरुवात तिथून करा. बाकी स्विंग, वारा, हिरवळ यांचं काही समजावू नका. पहिल्या आठवड्यात तिच्या खेळाडूचं नाव कट रेषेच्या एक फटका वर-खाली होत असेल तेव्हा शुक्रवारी तिच्या शेजारी बसा. पुढचे प्रश्न तीच विचारेल.