बोल्टवरची पांढरी भुकटी

प्रश्न : काका, वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी पूर्ण उघडून पुन्हा उभी करतोय. नटबोल्ट, ब्रॅकेट, बिजागऱ्या, स्प्रिंगा असं सगळं एका दुकानातून झिंक करून, म्हणजे जस्ताचा मुलामा देऊन आणलं. तेव्हा चांदीसारखं चमकत होतं. गाडी अजून पत्र्याच्या शेडमध्येच आहे आणि एका पावसाळ्यात बोल्टांवर पांढरी भुकटी धरली. आता सगळं क्रोम करून घेऊ का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : क्रोम बंपरला शोभतं, बोल्टला नको. क्रोम आणि त्याखालचं निकेल लोखंडाला नुसतं झाकतात. पाना घसरून एक टोचा पडला की पाणी आत शिरतं आणि पापुद्र्याखाली गंज पसरतो. झिंकचं उलट आहे. ओरखडा पडला तरी शेजारचं झिंक आधी झिजतं आणि लोखंड वाचवतं. तुमची भुकटी म्हणजे झिजलेलं झिंक. तांबडा गंज दिसत नसेल तर खालचं लोखंड शाबूत आहे.

एवढ्या लवकर झिजलं, कारण झिंकवरचं पॅसिव्हेशन, म्हणजे झिंक जपणारा वरचा पातळ थर, कच्चं राहिलं असावं. जुन्या गाड्यांच्या बोल्टांवर सोनेरी, तिरपं धरलं की हिरवी-जांभळी झाक मारणारा थर दिसतो ना, तो क्रोमेटचा. पांढऱ्या झिंकपेक्षा तो पुष्कळ टिकतो. पण रंगावर जाऊ नका. हल्ली विषारी क्रोमेट टाळून नुसता पिवळा रंग दिलेलंही मिळतं. दुकानदाराला मायक्रॉन, म्हणजे थराची जाडी, विचारा. आपल्या पावसाला मी ८ च्या खाली घेत नाही, चॅसिसखालच्या भागांना १२. त्याहून जाड मागू नका. आट्यांवर थराच्या चौपट व्यास वाढतो, म्हणजे १२ मायक्रॉनला जवळजवळ ०.०५ मिलिमीटर. मग नट अर्ध्यावर अडकतो आणि पोरं पान्याला पाइप लावून पिळतात.

आता तुम्ही न विचारलेलं. पत्रात ‘स्प्रिंगा’ वाचलं आणि पोटात गोळा आला.

उद्यमनगरात नवा होतो तेव्हा मीही ब्रेक शूच्या रिटर्न स्प्रिंगा बोल्टांच्याच डब्यात घालून प्लेटिंगला दिल्या होत्या. सुंदर होऊन आल्या. ड्रममध्ये बसवल्या, गाडी जॅकवरच होती. तिसऱ्या दिवशी जेवायला बसलो आणि ड्रममधून ‘टण्ण’ आवाज आला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. उघडलं तर स्प्रिंग हुकाजवळ तुटलेली, वाकल्याची खूणही नाही, काच फुटावी तशी. ॲसिडच्या आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन सुटतो, कडक पोलादात शिरतो आणि ताण बसला की काही तासांनी, काही दिवसांनी पोलाद तडकतं. त्यावर उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत भट्टीत घालून साधारण २०० अंशांवर कित्येक तास भाजणं, आणि क्रोमेट त्यानंतर, कारण क्रोमेटला तेवढी आच सोसत नाही. किलोवर काम घेणारा दुकानदार एवढं करेल असं मी धरून चालत नाही.

म्हणून ब्रेकच्या स्प्रिंगा टाकून नव्या घ्या. त्या घासून वापरू नका. बोल्टांची डोकी वाचा, तिथे मजबुतीचा आकडा कोरलेला असतो. ८.८ असेल तर खुशाल द्या. १०.९ किंवा १२.९ असेल तर ते कडक पोलाद, बाजूला काढा. स्टिअरिंगचे आणि कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मी आकडा न बघताच वेगळे ठेवतो. त्यांना तेलाचा हात पुरे.

बाकीचं जुनं झिंक उतरवून पुन्हा करून घ्या. देण्याआधी गंज तारेच्या ब्रशने पार काढा, कारण झिंक खड्डे भरत नाही. बारीक वॉशर तारेत ओवून, मोजून द्या. बॅरलमध्ये, म्हणजे प्लेटिंगच्या फिरत्या पिंपात, गेलेला वॉशर परत येईल याची हमी कुणी देत नाही. क्रोमेट पहिला दिवसभर मऊ असतं, पिशवीत खडखडवत आणू नका.

आणि ती शेड. पत्र्याला रात्री आतून घाम येतो, तोच थेंब थेंब बोल्टांवर पडतो. बोल्टांचा ट्रे पत्र्याखालून काढून घरात कपाटावर ठेवा, आईसाहेब काय म्हणायचं ते म्हणू देत.