शेंगांना भोकं, दोष चिंचेचा?

प्रश्न : उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा पोत्यांत भरून ठेवल्या होत्या. आता टरफलांना गोल भोकं पडलीत, पोत्यांवर पांढरट कागदी कोश दिसतात. शेजारी बांधावरच्या चिंचेला दोष देतात. झाड तोडावं का?
– एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : शेजाऱ्यांचं बरोबर आहे, तरी चिंच तोडू नका. हा शेंगांचा भुंगेरा, कॅरिडॉन सेराटस. चिंच, बाभूळ, आपटा यांच्या बियांत तो वाढतो. चिंच झोडपल्यावर किडक्या चिंचा झाडाखाली राहतात आणि मे महिन्यात त्याच सावलीत शेंगा वाळत पडतात. लागण बहुतेक तिथेच होते. मादी टरफलावर अंडी चिकटवते, अळी तिथूनच आत शिरून दाणा खाते. त्यामुळे सुरुवातीला शेंग धडधाकटच दिसते. पूर्ण वाढलेल्या बऱ्याच अळ्या बाहेर येऊन कोश करतात. पोत्यांवर तेच आहेत.

झाडाखालच्या चिंचा वेचून जाळा. खळं झाडापासून लांब करा. चिंचोक्यांसह चिंच शेंगांच्या खोलीत ठेवू नका, हे फार घरांत होतं. जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून वाळवा, शिवणीतले कोश खरवडा. दाण्यातला ओलावा ८ टक्क्यांच्या खाली आला की हवाबंद पिशवीत भरा. आत्ताच्या शेंगा ताडपत्रीवर पातळ पसरून निवडा, भोकाच्या जाळा. बियाण्याच्या शेंगा मात्र कडक उन्हात तापवू नका, उगवण घटते. विषारी गोळ्या राहत्या घरात अजिबात नकोत.